उदगीरचा फांटा

मराठी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत संकेतार्थ शिकवितांना एक वाक्य हटकून येतें : पाऊस पडला असता, तर पीक चांगलें आलें असतें. इतरत्र हें वाक्य म्हणजे पाठ करण्याचें एक उदाहरण असेल. आमच्या मराठवाड्यांत तें उदाहरण राहत नाहीं, घराघरांतली हकीकत होते. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें लातूरला पिण्याचें पाणी आणावें लागलें, तेव्हां सारें शहर या एकाच वाक्यावर दिवस कंठीत होतें. माझी तर अशी समजूत होऊन बसली आहे कीं, भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांखेरीज आमच्याकडे चौथा एक काळ आहे, आणि तो म्हणजे 'असतें, तर'चा. जें घडलें नाहीं, पण घडण्याच्या अगदीं बेतांत होतें, तें सारें त्या काळांत जाऊन राहतें. तेथें त्याचें पुढें काय होतें, हें व्याकरणकार सांगत नाहींत. तें काम कथाकारांचें.

हें सर्व आज मनांत येण्याचें कारण एक हस्तलिखित. आमच्या घरांत वाढलेला, नात्यानें माझा पुतण्या लागणारा एक तरुण नांदेडास बँकेंत नोकरी करतो. दिवसभर इतरांच्या पैशाचा हिशेब ठेवून रात्रीं हा गृहस्थ समांतर जगांतल्या प्रवासाची अद्भुत कादंबरी लिहीत बसतो, हें मला ठाऊक नव्हतें. दोन वर्षांच्या खटपटीनंतर एके दिवशीं त्यानें चारशें पानें माझ्या टेबलावर ठेविलीं आणि म्हणाला, "काका, वाचा, आणि काय वाटेल तें स्पष्ट सांगा."

मीं आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला. जर-तरच्या वाटेला जाऊं नये, ही आमच्या धंद्यांतली पहिली शिस्त. त्यांतून हें गांव नांदेड. नरहर कुरुंदकरांसारखा माणूस ज्या गांवीं शिकवीत होता, ज्यानें 'श्रीमान योगी'सारख्या कादंबरीच्या आरंभींहि इतिहासाची कसून चर्चा केली, त्या गांवांत कारणांची सांखळी सोडून कल्पनेच्या मागें धांवणें जरा संकोचाचें वाटतें. तरीहि तीं चारशें पानें मीं चार रात्रींत वाचून काढलीं. त्या वाचनानें जे विचार सुचले, ते वाचकांपुढें ठेवीत आहें.

एका जगांतून दुसऱ्या जगांत जाण्याच्या कथा इंग्रजींत पुष्कळ आहेत. सी. एस. लुइस यांच्या १९५० सालच्या पुस्तकांत मुलें कपड्यांच्या कपाटांतून पलीकडल्या देशांत उतरतात; फिलिप पुलमन यांच्या १९९७ सालच्या कादंबरींत एक मुलगा सुरीनें हवेलाच चीर पाडून निराळ्या जगाची खिडकी उघडतो. पुतण्याची पिढी अशा पुस्तकांवर व चित्रपटांवर वाढली. परंतु ही कल्पना आपणांस विलायतेनें दिली, असें मानण्याचें कारण नाहीं. योगवासिष्ठांतील लीलेचें आख्यान पाहा. राणी लीलेचा पति पद्म राजा मरण पावतो. सरस्वतीच्या कृपेनें ती त्याचा शोध घेऊं लागते, तों ज्या मंडपांत त्याचें शव फुलांनीं झांकून ठेविलें आहे, त्याच मंडपाच्या पोकळींत तिला दुसरें संपूर्ण विश्व दिसतें. तेथें तिचा पति विदूरथ नांवानें राज्य करीत आहे. आणि त्याच्याजवळ दुसरी एक लीला आहे! मेलेलें माणूस दुसऱ्या जगांत जिवंत सांपडलें, तरी तेथें आपली जागा रिकामी असेलच असें नाहीं, ही जाणीव ज्या ग्रंथकारास झाली, त्यास मनुष्याच्या दुःखाची खरी ओळख होती असें म्हटलें पाहिजे.

मराठींत या कल्पनेला शास्त्राची जोड मिळाली ती जयंत नारळीकरांच्या हातून. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनीं आपली पहिली विज्ञानकथा धाडली, ती नारायण विनायक जगताप या नांवानें. स्वतःचीं आद्याक्षरें उलट्या क्रमानें लावून त्यांनीं हें नांव घेतलें. कथेला बक्षीस मिळावें तें कथेच्या गुणांवर, लेखकाच्या कीर्तीवर नव्हे, हा हेतु. २० मे २०२५ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें, तेव्हां त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मीं पुन्हां काढली. पुतण्याच्या कादंबरीचें मूळ तीच कथा आहे, हें तो स्वतःच सांगतो. शाळेंत असतांना माझ्याच कपाटांतून त्यानें ती नेली होती.

कथा सर्वांस परिचित आहे. गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक. पानिपतचा निकाल उलटा लागता तर काय झालें असतें, या विचारांत असतांना एका वाहनाची धडक बसते आणि ते निराळ्याच हिंदुस्थानांत जाऊन पडतात. तेथें विश्वासरावांना गोळी लागलेली नाहीं. ती निसटून गेली आहे. मराठे जिंकले आहेत, आणि मुंबईंत ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार अजून चालूच आहे. हा फरक कोठून पडला, हें शोधण्यासाठीं पंत टाऊन हॉलच्या ग्रंथालयांत जाऊन बसतात. वाचकहो, हें मला फार आवडतें. दुसऱ्या जगांत पडलेला इतर कोणी नायक तरवार शोधता किंवा प्रेयसी शोधता. हा मराठी प्राध्यापक ग्रंथालय शोधतो! पुढें एका सभेंत फजिती होऊन ते परत आपल्या जगांत येतात, आणि त्यांच्या खिशांत तिकडच्या बखरीचें एक पान राहिलेलें असतें. त्यांचा मित्र राजेंद्र या साऱ्याची भौतिकशास्त्राच्या आधारें उकल करून दाखवितो.

त्या उकलीच्या मागें खरें शास्त्र आहे. ह्यू एव्हरेट या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५७ सालीं असें मांडलें कीं, सूक्ष्म कणांच्या बाबतींत जितक्या शक्यता असतात, त्यांतली एकच खरी ठरून बाकीच्या नाहींशा होतात असें नव्हे. साऱ्याच आपापल्या फांदीवर वाढत राहतात. हें मत सर्व शास्त्रज्ञांस मान्य नाहीं. आणि ज्यांना मान्य आहे, तेहि एका फांदीवरून दुसरीवर उडी मारतां येते असें म्हणत नाहींत. ती उडी कथाकाराची आहे. स्वतः खगोलशास्त्रज्ञ असलेल्या नारळीकरांना ही सीमा कोणाहूनहि अधिक ठाऊक होती; म्हणूनच त्यांनीं ती कथेंत ओलांडली.

मात्र लातूर जिल्ह्यांत वाढलेल्या मास्तराला या कथेविषयीं एक गोड तक्रार आहे. नारळीकरांनीं इतिहासाचा फांटा १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतच्या रणांगणावर फोडला. आमच्याकडे एस. टी. गांवांत जात नाहीं; कंडक्टर 'फांट्यावर उतरा' म्हणतो, आणि तेथून चालत जावें लागतें. तेव्हां कोणत्या गांवाला जायचें याचा निकाल गांवांत नव्हे, फांट्यावर लागतो, हें आम्हांला चांगलें समजतें. पानिपतचा फांटा उदगीरला आहे.

फेब्रुवारी १७६० मध्यें उदगीर आणि औसा यांच्यामधल्या टापूंत सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या फौजेला कोंडीत धरून हरविलें. साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, असीरगड, बऱ्हाणपूर यांसारखीं ठाणीं पदरांत पडलीं. भाऊंच्या नांवाचा दबदबा झाला. पूर्वीं निजामाकडे असलेल्या इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाचें आणि तोफांचें तेज या मोहिमेंत दिसलें, आणि त्या तोफांवरचा भाऊंचा भरंवसा येथेंच बसला. याच सुमारास, १० जानेवारीला, दूर उत्तरेंत यमुनेच्या कांठीं बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. ती वार्ता दक्षिणेंत पोहोंचली, आणि उत्तरेस कोणीं जावें हा प्रश्न उभा राहिला. राघोबादादांच्या आधींच्या स्वारीनें कर्जाचा बोजा वाढविला होता; उलट भाऊ नुकतेच जिंकून आले होते. मार्च १७६० मध्यें परतूरहून भाऊ विश्वासरावांना घेऊन निघाले. पुढचें सर्वांस ठाऊक आहे.

आतां समजा, उदगीरला भाऊ हरले असते, किंवा लढाई नुसती रेंगाळली असती. तर ते उत्तरेस गेले असते काय? मला वाटतें, नसते. म्हणजे ज्या जगांत उदगीरला आमचा पराभव झाला, त्या जगांत कदाचित् पानिपत झालेंच नाहीं, आणि एक सबंध पिढी वांचली. फांट्यावर उभें राहून कोणती वाट सुखाची हें ओळखतां येत नाहीं. विजयाची वाट कत्तलीला जाऊन मिळते, आणि पराभवाची वाट कदाचित् घरीं. इतिहासाच्या शिक्षकानें जर-तर करूं नये हें खरें. पण एकदां केलें, तर त्यांतून जी नम्रता येते, ती नुसत्या सनावळीनें येत नाहीं. योगायोग असा कीं, नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या साहित्य-संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर होते, आणि त्याच्या पुढचें संमेलन एप्रिल २०२२ मध्यें भरलें तें उदगीरला. पानिपत बदलणाऱ्या कथाकाराच्या अध्यक्षपदाचें वर्ष पानिपतच्या फांट्यावर येऊन संपलें!

दोन जगांतला प्रवास ही आमच्या वाडवडिलांना कांहीं कल्पनेची गोष्ट नव्हती. माझे आजोबा लातूरचे आडतदुकानदार. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातूरपर्यंत आली होती. त्या गाडीनें ते बार्शीस जात, म्हणजे एका जगांतून दुसऱ्या जगांत जात. इकडे निजामाचें राज्य, तिकडे इंग्रजांचें. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. शंभर कलदारांना एकशें सोळा-सतरा हाली मोजावे लागत. इकडे कचेरींत फसली सन आणि उर्दू, तिकडे इसवी सन आणि मराठी-इंग्रजी. मधें करोडगिरीचा नाका. तेथें गांठोडें सोडून दाखवावें लागे आणि जकात द्यावी लागे. १५ ऑगस्ट १९४७ नंतर तर हीं दोन जगें अगदींच दुभंगलीं. बार्शींत तिरंगा उघड फडकत होता. लातुरांत तो लावील त्याला तुरुंग. नांदेडकडचीं मुलें पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या कॅम्पांत जात, लातूरकडचीं बार्शीच्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजाम शरण येईपर्यंत, तेरा महिने, एकाच भाषेचीं, एकाच सोयऱ्याधायऱ्यांचीं माणसें दोन काळांत राहत होतीं. आजोबांच्या कोटाला दोन आंतले खिसे होते, एक हालीसाठीं व एक कलदारासाठीं; आणि त्यांनीं ते कधीं एकत्र केले नाहींत.

म्हणून पुतण्याच्या कादंबरीचा पूर्वार्ध वाचतांना मी एकाच गोष्टीची वाट पाहत होतों. त्याचा नायक एका जुन्या गांवच्या पडीक बारवेंत उतरतो, आणि समोरच्या पायऱ्यांनीं वर येतो तों दुसऱ्या जगांत. येणें-जाणें सुखानें चालू आहे. मीं समासांत पेन्सिलीनें लिहिलें : करोडगिरीचा नाका कोठें आहे? दुसऱ्या जगांत जाणाऱ्यानें कांहीं तरी मोजलें पाहिजे; तें न मोजतां जो जातो, त्याचा प्रवास ही नुसती मनाची करमणूक. नाका आला तो उत्तरार्धांत. तो कोणता, हें सांगण्यासाठीं मला आमच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून माणसें उशिरां निजलीं होतीं. आमच्याकडचीं घरें दगड-मातीच्या जाड भिंतींचीं आणि माळवदाचीं; पाऊस गळूं नये म्हणून माळवदावर मातीचे थरावर थर चढत आलेले. जें छप्पर पिढ्यान्‌पिढ्या ऊन-पावसापासून राखीत आलें, त्याच्याच भारानें माणसें गाडलीं गेलीं. आठ ते दहा हजार जीव गेले. माझ्या आत्याचें गांव त्या पट्ट्यांतलें. तिचे यजमान, मुलगा आणि सून त्या पहाटे गेलीं. आत्या वांचली, आणि तिचा दहा महिन्यांचा नातू वांचला. कारण नातवाला ताप होता, म्हणून दोन दिवस आधीं ती त्याला घेऊन लातुरास आमच्या घरीं डॉक्टरला दाखवायला आली होती. ताप एकशें दोन होता. सुनेच्या मनांत बरोबर यायचें होतें. पण घरांत गणपति, गोठ्यांत व्यालेली म्हैस, आणि दुखणें तसें साधेंच. ताप आणखी एका अंशानें चढता, तर आईहि आली असती. ताप आलाच नसता, तर मूलहि उरलें नसतें. विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निसटली कीं नाहीं याची चर्चा विद्वानांनीं करावी. आमच्या घरांत हा एक अंशाचा पारा तेहतीस वर्षें कोणीं उच्चारला नाहीं.

तो नातू म्हणजे हा कादंबरीकार. त्याच्या नायकाच्या दुसऱ्या जगांत भूकंप झालेला नाहीं. तें कांहीं नंदनवन नव्हे, हें त्यानें प्रामाणिकपणें दाखविलें आहे. माळवदें तशींच आहेत, दुष्काळ तसाच आहे, सोयाबीनचा भाव तसाच पडलेला आहे, आणि तरुण पोरें पुण्याला निघून गेलीं आहेत. आई आहे. साठीकडे झुकलेली, गुडघ्यांनीं अधू झालेली, थोडी तोंडाळ आहे. लीलेच्या आख्यानांत दुसरी लीला जागा अडवून बसली होती. येथें उलट आहे. त्या जगांतला मुलगा दूर शहरांत आहे आणि वर्षांवर्षांत घरीं फिरकत नाहीं. आई या आगंतुकाला आपला मुलगाच समजते आणि आंत बोलावते. जागा रिकामी आहे. राहायचें ठरविलें, तर कोणी अडविणार नाहीं.

आणि तेथें नाका लागतो. त्या घराच्या ओसरीवर एक म्हातारी बसलेली आहे. ती त्याची आजी. या जगांत तिनें त्याला छातीशीं धरून वाढविलें, रात्रीं जागून काढल्या, दुसऱ्यांच्या घरीं मिंधेपणानें राहून त्याला शिकविलें. त्या जगांत तिला यांतलें कांहीं करावें लागलेलें नाहीं. ती सुनेशीं भांडणारी एक सामान्य सासू आहे, आणि नातवाकडे ती कोऱ्या नजरेनें पाहते. आई हवी असेल, तर ही आजी द्यावी लागेल. जकात एवढी आहे. गांठोडें सोडून दाखीव आणि मोज. येथवर वाचल्यावर मीं पुस्तक मिटलें व बराच वेळ दिवा तसाच ठेवून बसलों.

शेवटचें प्रकरण त्यानें लिहिलेलें नाहीं. नायकानें परत यावें कीं राहावें, याविषयीं आमचा वाद झाला. माझें म्हणणें, गंगाधरपंत परत आले म्हणून ती कथा झाली. न परतणाऱ्याची कथा सांगणार कोण? तो म्हणाला, "काका, पंतांना फक्त काय झालें तें जाणून घ्यायचें होतें. वाचून झालें कीं ग्रंथालयांतून उठतां येतें. आईच्या पुढ्यांतून उठायचें कसें?" यावर इतिहासाच्या शिक्षकाजवळ उत्तर नसतें.

परंतु या लेखनांतून एक गोष्ट अशी झाली, कीं जिच्यामुळें अद्भुत कथेला पळवाट म्हणणाऱ्यांशीं मी यापुढें सहमत होणार नाहीं. न घडलेलें जग उभारायचें, तर घडलेल्या जगाचा बारीकसारीक तपशील लागतो. जुनें घर कोणत्या दिशेला होतें? जातें कोठें मांडलेलें असे? आईच्या लुगड्याचा रंग कोणता? ती हाक कशी मारी? आत्याखेरीज हें सांगणारें कोणी उरलें नव्हतें; आणि आत्या त्या पहाटेनंतर जुन्या घराविषयीं कधीं बोलली नव्हती. भूकंपानंतर बावन्न गांवें दुसऱ्या जागीं नवीं वसविलीं. आत्याचें गांव त्यांतच. पांढरीवरच्या वांकड्यातिकड्या गल्ल्यांच्या जागीं आतां सरळ रांगा आहेत. एरव्हीं आमच्याकडे राहणारी आत्या दिवाळी-पाडव्याला तेथें जाते. पण अजूनहि कोणाला वाट सांगतांना ती 'मारुतीच्या उजव्या अंगाला' म्हणते, आणि त्या अंगाला नव्या गांवांत मारुति नाहीं.

पुतण्या वही घेऊन तिच्यापुढें बसला, तेव्हां प्रथम तिनें हात झटकला. "जरला तर असतंय, बाळा, तरला काय बी नसतंय," ती म्हणाली, आणि निवडायचें सूप पुढें ओढलें. तो उठला नाहीं. त्यानें पुन्हां जर विचारलें नाहीं, त्यानें विचारलें, "आजी, घराचं दार कुणीकडं होतं?" त्याचें उत्तर तिला देतां आलें. उगवतीला. मग उंबऱ्याचा दगड कसा होता तें आलें, मग गोठा, मग चूल. तीन संध्याकाळ ती बोलत होती. सून कशी गात असे, तिला तिखट किती लागे, म्हशीचें नांव तिनें काय ठेविलें होतें, हें सारें तेहतीस वर्षांनीं त्या खोलींत आलें. तिसऱ्या संध्याकाळीं तिनें निघतांनाचा प्रसंग सांगितला. सुनेनें मुलाचीं दोन झबलीं पिशवींत घातलीं, त्याच्या कानावरून टोपी खालीं ओढली, आणि एस. टी. सुरू होतांना खिडकीशीं येऊन म्हणाली, "गणपती बोळवले की मी येतेच."

पुतण्यानें तें वाक्य वहींत लिहून घेतलें. पलीकडल्या जगांतून गंगाधरपंत बखरीचें एक पान घेऊन आले होते. त्यानें याच जगांतून हें एवढें आणलें. कादंबरींत तें कोठें घालावें, हें त्याला अजून ठरवितां आलेलें नाहीं, आणि मीं त्याला घाई केली नाहीं.